शेखबाईंच्या राण्या

माणूस स्टाफरूममधून जातं, पण त्याचे किस्से टेबलावरच राहतात. नगरमधल्या आमच्या मुलींच्या शाळेत हल्ली चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "शेखबाई असत्या तर..." मग एकातून एक निघत जातं. शेखबाई इतिहास शिकवायच्या, मी मराठी. आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी.

एकदा हेडसरांनी फळ्यावर 'रझिया सुलताना' लिहिलं. बाईंनी बोटानं शेवटचा काना पुसला.

"सर, ती स्वतःला सुलतान म्हणवायची."

"एका कान्यानं काय बिघडतं, बाई?"

"तिच्या सरदारांचं बिघडलं होतं."

डोंगरावरच्या तीनमजली इमारतीला सगळं नगर चांदबीबीचा महाल म्हणतं. सहलीत मुली तिथं सेल्फी काढत होत्या. बाई म्हणाल्या, "हा महाल नाही. सलाबतखानाची कबर आहे."

काष्टी गावची एक मुलगी हिरमुसली. "मंग चांदबीबीची कबर कुठं हाय?"

बाईंनी खाली किल्ल्याकडं बोट केलं. "तिनं किल्ला राखला, बाळ. तिची कबर राखायला मागं कुणी उरलं नाही."

गॅदरिंगला बाईंनी चांदबीबीचं नाटक बसवलं होतं. पुठ्ठ्याचा तट रंगवून झाला, आणि हेडसर म्हणाले, "यंदा शहरात वातावरण बरं नाही. राहू द्या." बाई मान डोलावून बाहेर आल्या.

मुली चिडल्या. "बाई, तुमी कायच बोलला न्हाई?"

"बोलले असते तर तुमचा नाचही गेला असता."

गॅदरिंगच्या दिवशी त्यांनी नाचणाऱ्या मुलींच्या वेण्या घातल्या, गजरे माळले. डबा तसाच घरी नेला.

मग आजार निघाला. केमोनं केस गेले, तरी बाई ओढणी घट्ट बांधून यायच्या. जिना चढताना दोनदा थांबायच्या. हेडसर म्हणाले, "बाई, आता रजा घ्या."

"मोगलांची फौज किल्ल्याला भिडलीय, सर. सातवीला तसंच सोडून जाऊ?"

पुस्तकात चांदबीबी दोन ओळींत संपते. बाईंना आठवडा पुरायचा नाही.

पण एका सोमवारी त्या आल्या नाहीत. त्याच आठवड्यात गेल्या.

त्यांचा तास मला मिळाला. मी सातवीला विचारलं, "बाई कुठवर आल्या होत्या?"

"सुरुंगानं तट पडला," सानिया नावाची मुलगी उभी राहून म्हणाली. "चांदबीबीनं तो रातीत बांधून घेतला. आता सकाळ झालीय. ती वर उभी हाय."

पुढचं मला ठाऊक होतं. काही वर्षांनी, ती शत्रूला मिळाली अशी अफवा उठते, आणि तिचीच माणसं तिला मारतात. मी खडू घेतला.

सानिया खाली बसली नव्हती.

"बाई, पुढचं आमाला ठावं हाय. तुमी शिकवू नका."

"परीक्षेत आलं तर?"

तिनं मागं वळून वर्गाकडं पाहिलं.

"तेवढा प्रश्न आमी समद्या सोडून देऊ."