ह्यांच्या मोज्यातलं पिल्लू
लोकरी कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास आला की दिल्ली छावणीतलं आमचं क्वार्टर आठवतं. थंडीत कुंडीखाली सापाचं गारठलेलं पिल्लू सापडलं, काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं. "कवड्या आहे, बिनविषारी," मी गावाकडच्या ऐटीत जाहीर केलं, ऊब म्हणून ते ह्यांच्या लोकरी मोज्यात घातलं नि मोजा मांडीवर घेऊन स्वेटर विणत बसले. केवढी ती अक्कल! शेजारचे सुभेदार मोज्यात डोकावून कुजबुजले, "वहिनी, बिल्कुल हलू नका. शेपटीकडे पट्टे ठळक आहेत. जहरी मण्यार आहे ही." ते चिमटा घेऊन येईपर्यंत मोजा रिकामा झाला होता आणि विणकामाखाली, माझ्या मांडीवरून, काहीतरी गार सरकत गेलं. सगळं घर उपसलं, पिल्लू काही सापडलं नाही. आजही मोजा झटकल्याशिवाय मी पाय घालत नाही. हल्ली झटकायचं काम तेवढं ह्यांना दिलंय.