नातेपुते ते शुक्रवार पेठ: मुलाचा लॅपटॉप घेऊन

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. तथापि शुद्धलेखन माझे मीच तपासतो. हा मजकूर मी वहीत लिहिला, टंकन सूनबाईने केले. तिला एकही शब्द बदलू दिलेला नाही.

खंडेनवमीनंतर माझ्या दिवंगत मुलाचा लॅपटॉप सुरू होईना. पाटीहून पातळ, रुपेरी, एका हाताने सहज उचलावा असा. त्याने तो हौसेने घेतला तेव्हा किंमत ऐकून मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो. दिवसा त्यावर त्याचे कार्यालय चाले; सायंकाळी आम्ही दोघे त्यावर कुस्त्या पाहत असू. नातीच्या बारशाला, बायका हसत असताना, त्याने स्वतः रचून म्हटलेला पाळणा त्यातच होता. अन्यत्र कोठेही नाही. नात आता दोन वर्षांची आहे. तिला बापाचा आवाज ठाऊक नाही. म्हणून सोलापूरला जाण्याचे ठरविले.

सकाळची पहिली एसटी धरावी. वेळापूर, पंढरपूर, मोहोळ करीत ती जेवणवेळेआधी पोहोचते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही. आधार कार्ड मात्र जवळ असावे. लॅपटॉप मी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता.

"लोकं सोलापुरास्नं चादर आणत्यात, आजोबा," कंडक्टर म्हणाला. "तुमी तितंच घिऊन निगालाय व्हय?"

"माघारी करायची आसंल," मागची बाई म्हणाली. "रंग इटला की लगीच."

ती चादर सोलापुरातच, अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी स्वतः विणलेली आहे. तेथे मी एकतीस वर्षे माग चालविला. मोहोळला भाकरी आणि शेंगाचटणी सोडली. तशीच पुन्हा बांधून ठेवली.

स्थानकावरून शुक्रवार पेठेस रिक्षाने जावे, भाडे आधी ठरवावे. दुरुस्तीच्या दुकानात एक तरुण बाई होत्या. त्यांनी लॅपटॉपची पाठ उघडून भिंगातून पाहिले.

"आजोबा, आत काय सांडलं?"

घरी कोणास सांगितले नव्हते, ते परक्या बाईस सांगितले. कारखान्यात खंडेनवमीला आम्ही मागास हळदकुंकू वाहून नारळाचे पाणी शिंपडीत असू. लॅपटॉप हे मुलाचे अवजार. त्यावरही मी शिंपडले.

त्या हसल्या नाहीत. "आमच्या घरीबी मागावर शिंपडतात. पण माग लोखंडाचा की, आजोबा."

"पाळणा तेवढा काढून द्या."

"जाड मशीन असतं तर साठवणीचा भाग काढून दुसऱ्यात लावला असता. हे पातळ करायचं म्हणून सगळं एकाच पट्टीवर जोडलंय. ती पट्टीच गेली."

तपासणीचे पैसे त्या घेईनात. मी टेबलावर ठेवून आलो.

दिवेलागणीला घरी पोहोचलो. चादर सोडण्यापूर्वी सूनबाईस उभ्या उभ्या सर्व सांगितले.

"मला ठावं हुतं, मामा," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशीच बटणांच्या फटीत कुंकू दिसलं. कुणाला दिसू न्हाय म्हणून पुसून ठिवलं."

असा लॅपटॉप घेणाऱ्यांनी आतील ऐवज दुसरीकडेही ठेवावा, एवढे सांगतो. आमचा आता देव्हाऱ्याशेजारी बंद आहे. पाळण्याची चाल मला येते. शब्द दोन कडव्यांपुढे आठवत नाहीत. सूनबाईसही नाहीत. काल ती दोन कडवी मी नातीस म्हणून दाखविली. संपल्यावर ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "फुडं?"