पिंपातलं पांढरंफटक सरबत

आता माझी अक्कल किती, ते मीच माझ्या तोंडानं सांगायचं? बरं, चहा पाजताय, तर ऐका!

गेल्या वर्षी आमच्या वाडीच्या देवळात महाप्रसाद झाला आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाडीला जुलाब. म्हणून यंदा बैठकीत मी ताडकन उठलो. "पाण्याचं माझ्याकडे द्या. एक जरी माणूस आजारी पडला, तरी समितीचा राजीनामा देईन!" टाळ्या पडल्या हो! छाती अशी फुगली माझी.

उत्सवाच्या सकाळी पाण्याच्या पिंपात जंतू मारायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली. टाकायची किती? चिमूटभर. मी टाकली मूठभर! देवाचं काम, हात आखडता कशाला घ्यायचा?

त्याच पिंपात शेवंतीवहिनींनी सरबतासाठी कोकमाचं आगळ ओतलं. व्हायला हवं लालभडक, झालं पांढरंफटक. आणखी एक बाटली ओतली. तिचाही रंग गडप!

"आवो, ह्ये पानी रंग खातंय!" वहिनी किंचाळल्या.

झालं! बायका जमल्या. कुणी म्हणालं, सोवळं मोडलं. कुणी म्हणालं, पालखीचा मान चुकला, देव कोपला. मला एव्हाना सगळं कळलं होतं. पण बोलणार कसं? राजीनामा डोळ्यांसमोर नाचत होता!

शेवटी आमचे गुरव, तात्या, देवापुढे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, मागे होकार द्यायला अख्खी वाडी.

"बा देवा म्हाराजा! ज्या कुनाच्या हातून चूक झाली आसंल..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येला पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? माझा! तात्या गाऱ्हाणं अर्धवट टाकून वळले.

"बाळ्या, तुजाच गळा येवढा का फाटतोय रं?"

"तात्या... पावडर जरा जास्त पडली."

"म्हंजी आमी लोकांना इख पाजनार व्हतो?" वहिनी कमरेला पदर खोचून पुढे आल्या.

"छे हो! औषध आहे ते. काही होत नाही त्यानं!" आणि हे पटवायला मी सगळ्यांसमोर दोन पेले घटाघटा प्यायलो. काय ती चव! देवळाची फरशी पुसून पिळल्यासारखी.

पीप ओतून दिलं, दुसरं पाणी उकळलं. अख्खी वाडी पोटभर जेवली आणि कुणाला काहीही झालं नाही.

कुणाला म्हणजे, मला सोडून.

दुसऱ्या दिवशी तात्या राजीनामा मागायला घरी आले. मी तो दाराच्या फटीतून बाहेर सरकवला. कुठल्या दाराच्या, ते मात्र विचारू नका!