न जळलेलं कुरडू

मला सातवा महिना लागला होता. आई गावाहून माझ्याकडे कोपरला आली ती रानात आपोआप उगवणाऱ्या कुरडूच्या कोवळ्या पाल्याची पिशवी घेऊनच. आमच्याकडच्या भाजीवर तिचा भारी राग. "गटाराच्या पाण्यावर पिकवतात मेले," हे तिचं ठरलेलं वाक्य. तिने लसणीची झणझणीत फोडणी घातली आणि मी दोनदा मागून खाल्ली. ती मात्र दहीभातावरच राहिली. मला वाटलं, प्रवासाने दमली असेल.

दुपारी दादाचा फोन आला. तो गावी सोयाबीन करतो. मी फोन स्पीकरवर ठेवून भाजीचं कौतुक केलं, तर त्याने मला मधेच तोडलं.

"आईला विचार, कुठनं खुडली?"

"खालच्या रानातनं," आई म्हणाली. "काय हिरवीगार होती!"

"अगं, आठवडा झाला, दोन औषधं मिसळून मारलीत मी तिथं!"

पूर्वी हे कुणाला सांगावं लागत नसे. फवारलेलं तण पिवळं पडून मान टाकायचं, बायका तिथे हात लावत नसत. पण दादा वर्षानुवर्षं एकच तणनाशक मारत राहिला आणि कुरडू त्याला दाद देईना. म्हणून यंदा हे मिश्रण. तरी ते तसंच ताठ उभं. आईने हिरवा रंग बघितला आणि खुडलं.

माझे हातपाय गार पडले. बाळ हलत नव्हतं, की मलाच कळत नव्हतं, देव जाणे. रिक्षात मी आईवर ओरडत होते, "तुला काही कळतं का गं?" ती मांडीवरची पिशवी धरून बसली होती.

डॉक्टरबाईंनी आधी बाळाचे ठोके ऐकवले. ते ऐकून मी रडायलाच लागले. मग दादाने पाठवलेले औषधाच्या डब्यांचे फोटो बघून त्या म्हणाल्या, "ठोके चांगले आहेत, पण आज इथेच थांबा. अजून कुणी खाल्ली का ही भाजी?"

"मी खाल्ली ना," आई म्हणाली. "गावाला आठवडाभर रोज तीच होती."

"आई! मघाशी का नाही बोललीस?"

"आधी तुझं बघू म्हटलं." मग ती डॉक्टरबाईंकडे वळली. "परवापासून तोंड आलंय माझं. गिळताना आग होते. त्यानेच का हो?"

डॉक्टरबाईंनी टॉर्च उचलला आणि तिला तोंड उघडायला सांगितलं. मी पोटावरचा हात काढून तिचा हात धरला. तो माझ्याहून गार होता.