गायरानावरची येळवस

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होते आणि आम्हाला एकेक पेढा मिळाला होता, एवढंच त्यातलं मला आठवतं. पुढे मी ज्या उद्योजक मंडळाच्या कार्यालयात टायपिस्ट म्हणून लागले, त्या मंडळाचं पोट मात्र एका जिल्ह्यानं भरलं नव्हतं. लातूर-नांदेडचे डाळमिलवाले, साखर कारखानदार, जिनिंगवाले असे सगळे त्यात होते. पाहुणा रेल्वेचा असो की आरोग्य खात्याचा, निवेदनातली पहिली मागणी ठरलेली असायची: आणखी एक नवा जिल्हा करा. ती टाइप करताना माझी बोटं आपोआप चालत.

दुष्काळाच्या वर्षी मात्र मंडळानं खरंच डोकं लावून एक निवेदन तयार केलं. पावसाचा भरवसा उरला नव्हता, पण उन्हाला आमच्याकडे तोटा नव्हता. गावाजवळ लहान लहान सौर प्रकल्प उभारा, ती वीज दिवसा थेट शेतीपंपांना द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मला मनापासून पटलं. माझ्या चुलतीचा एकुलता एक मुलगा दुसऱ्याच्या उसाला रात्री पाणी देताना साप चावून गेला होता. आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीच यायची, त्याला कोण काय करणार!

प्रकल्पाला जागा कुठली, हे अध्यक्षांनी एका दमात सांगितलं. पडीक आणि गायरान. "सरकारचीच जागा, तिथं कुणाचं काय जातंय?" इथं माझा हात थांबला. निलंग्याकडच्या आमच्या गावात त्याच गायरानावर माझी चुलती ज्वारी करायची. माझ्या आजोबांनी दगड वेचून तो तुकडा पिकता केला होता. गावातली आमच्यासारखी बरीच बौद्ध घरं तिथं अशीच कसत आली. कसणारे आम्ही आणि सातबारा सरकारचा. नवरा गेला, मुलगा गेला, लेक सासरी. काकूला आता तेवढा तुकडाच होता.

"साहेब, गायरानावर लोक पिकं घेतात," मी म्हणाले.

"कागदावर आहेत का ते?"

नव्हते. वाक्य तसंच दिल्लीला गेलं.

दिल्लीला निवेदन आवडलं. देशासाठी धोरणाचा मसुदा करणारे अधिकारी नमुन्याची जागा बघायला येणार, असं कळलं. वीज उपकेंद्र जवळ म्हणून नेमकं आमच्याच गावचं गायरान दाखवायचं ठरलं आणि अध्यक्षांनी नांदेडहून तारीख पक्की करून टाकली. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळा अमावस्या, म्हणजे आमची येळवस! नांदेड शहरातल्या माणसाच्या ते लक्षात येणं अवघडच, पण लातूरचे सभासदही दिल्लीच्या पाहुण्यांच्या नादात विसरले. येळवशीला आमच्याकडे बाजार ओस पडतात आणि शिवारं भरतात. ज्याला शेत नाही, तोही कुणाच्या तरी शेतात जेवायला जातो. अशा दिवशी ही मंडळी पाहुण्यांना रिकामी जमीन दाखवणार होती. मी ब्र काढला नाही. मला मनातून आनंद झाला होता आणि आजही त्याची लाज वाटत नाही.

हिंदी-मराठी सांगायला मला सोबत घेतलं होतं. गायरानाशी गाड्या थांबल्या तेव्हा अध्यक्षांचं तोंड पाहण्यासारखं झालं. ज्वारी पाण्यावाचून गुडघ्याएवढीच राहिली होती, पण तुकड्या-तुकड्यात कडब्याच्या खोपटांसारख्या कोपी उभ्या होत्या, लेकरं पळत होती. आमची घरं छप्पन्नच्या धर्मांतरापासून पूजाअर्चा करत नाहीत. कोपीत पांडवांचे दगड आम्ही मांडत नाही. भाज्या-दाण्यांची भज्जी आणि ताकातली अंबील मात्र कुणी सोडली नाही. काकू पिकाभोवती अंबील शिंपडत फिरत होती. ती तशीच गाड्यांपाशी आली. येळवशीला बांधावरून जाणाऱ्याला उपाशी सोडत नाहीत, मग तो दिल्लीचा का असेना. तिनं अधिकाऱ्यांना घोंगडीवर बसवलं आणि बाजरीचे उंडे, भज्जी वाढली.

मोठ्या साहेबांनी भज्जी दोनदा मागून घेतली. मग त्यांनी अध्यक्षांकडे बघत हिंदीत विचारलं, "ही जमीन रिकामी आहे म्हणाला होता ना तुम्ही?"

"आज सण आहे म्हणून ही गर्दी," अध्यक्ष घाईनं माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले.

काकूला तेवढं मराठी ऐकू आलं. ती म्हणाली, "सण हाय म्हून शेत न्हाई, सायेब. शेत हाय म्हून सण हाय."

मी ते हिंदीत सांगितलं.

मसुदा आला तेव्हा मंडळात पेढे वाटले गेले. आमच्या निवेदनातली वाक्यंच्या वाक्यं त्यात होती. आणि खाली एक नवी ओळ होती: जागा घेण्यापूर्वी तिथं कुणी कसत नाही ना, याची पाहणी करावी. मी गावी जाऊन काकूला ती वाचून दाखवली. काकूनं शेजारीपाजारी गूळ वाटला. भज्जीनं काम केलं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

पाहणी झाली ती उन्हाळ्यात. त्याच उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. गायरानाकडची माणसं पोटापाण्यासाठी पांगली होती आणि काकू लेकीकडे नांदेडला गेली होती. पाहणीवाल्यांना भेगाळलेली ढेकळं दिसली आणि त्यांनी कुणी कसत नाही असं लिहून टाकलं. मी अध्यक्षांकडे भांडायला गेले. ते वाईट माणूस नव्हते. खाली बघत म्हणाले, "बाई, पाहणी तर नियमानंच झाली. आता काय करू मी?" मला इतका राग आला होता, की डोळ्यांत पाणी आलं.

प्रकल्प झाला त्या वर्षीच्या येळवशीला मी गावी गेले. गायरानाला तारेचं कुंपण होतं आणि आत काळ्याभोर पाट्या उन्हाकडे तोंड करून उभ्या होत्या. काकूनं तरीही अंबील केली होती. मी नको नको म्हणत असताना ती कुंपणाच्या बाहेरून शिंपडत निघाली आणि मी तिच्या मागे गेले.

पलीकडच्या रानात पंप चालू होता. भरदुपारी एक गडी हरभऱ्याला पाणी देत होता. काकू थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"ही लाईट तवा आली असती, तर माजं लेकरू वाचलं असतं. न्हाई गं?"

"हाव, काकू."

तिनं भांड्यातली उरलेली अंबील तारेच्या आत ओतली.

"एकडाव इचारायचं तर व्हतं मला," ती म्हणाली. "दिली असती गं मी."