झंपरातली माया

शिवणीत जे जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे अंग सुटलं तर टाके उसवायचे, माया सोडायची, की झंपर पुन्हा अंगाला येतं. जाफराबादला मी बायकांचं शिवणकाम करते आणि गिऱ्हाइकांशी माझी निम्मी भांडणं या मायेवरूनच होतात. पोरींना माया नको असते, कडेला फुगते म्हणतात. माझी थोरली बहीण मात्र उलटी. आक्काला माया भरपूर लागायची. कापडाची कंजुषी करू नको, असं बजावूनच ती माप द्यायची.

आक्का केदारखेड्याला दिलेली. शेरडं राखायची. सकाळचं सगळं दूध चहाच्या हॉटेलात घालायची आणि स्वतः कोरा चहा पिऊन दाताला मिश्री लावत बसायची. घरात दूध असून तुझी हाडं उपाशी, असं मी तिला तोंडावर म्हणायची. ती नुसती हसायची. तिचं हसणं बघून माझा राग आणखी वाढायचा.

तिचं दुखणं मला कळलं ते हुकांमुळे. माझ्याकडे मुक्कामाला आली होती. सकाळी बघते तर ही भिंतीकडे तोंड करून उभी, झंपराचे हुक काही लागेनात. बोटं सुजलेली, वाकतच नव्हती. ऊन वर आलं की मोकळी होतात, म्हणाली. मी हुक काढून टिचबटणं लावून दिली आणि तिला भोकरदनला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं. हा वयाचा नाही, रक्तातला संधिवात आहे, गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतील आणि उतार हळूहळू पडेल, असं त्यांनी नीट समजावलं. पण शेरडं हळूहळू चरायला जात नाहीत. आक्कानं थोडे दिवस गोळ्या घेतल्या आणि सोडून दिल्या.

मग बाजारात बसणारा एक जडीबुटीवाला तिला सापडला. त्याची पांढरी पुडी कोऱ्या चहातून घ्यायची. आठवडाभरात आक्काची बोटं सुटली. तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर जीपमध्ये बसून माझ्याकडे आली आणि टिचबटणं काढून पुन्हा हुक लावायला लावले. माझ्यासमोर घालून दाखवलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुडी वर्षानुवर्षं चालूच राहिली आणि तिनं अंग धरलं. गाल वर आले, चेहरा गोल झाला, रंगही उजळल्यासारखा दिसायला लागला. गावातल्या बायका तिला नजर लागेल म्हणायच्या. या वयात बाळसं धरलंस, म्हणून मी चिडवायची आणि खुशीत टाके उसवून माया सोडायची. एक गोष्ट मात्र हाताला खटकायची. पाठीत आणि मानेखाली झंपर आवळायचं, बाह्या मात्र ढिल्या पडायच्या. इतक्या वर्षांत असं अंग मी मापलं नव्हतं. वयानं होत असेल, असं आम्ही दोघी म्हणालो.

अंगारकीला आक्का केदारखेड्याहून राजूरपर्यंत चालत गेली. मी सोबत होते. अर्ध्या वाटेत माझीच पावलं दुखली आणि मी जीपला हात केला. ती जीपच्या मागून चालत आली, घामाघूम, आणि गणपतीपुढच्या रांगेत मला गाठून म्हणाली, "थोरली मी हाय का तू?" इतकी मजेत मी तिला लग्नानंतर कधी पाहिली नव्हती.

त्यानंतर तिच्या जांघेत कळ यायला लागली. आधी चालताना, मग बसतानाही. शेवटी शेरडाखाली दूध काढायला बसली ती उठेचना. तिच्या लेकीनं आणि मी तिला जालन्याला नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि आधी विचारलं, कुठलं औषध चालू आहे. आक्कानं पदराच्या गाठीतून पुडी काढली. त्यांनी तिचा गोल चेहरा पाहिला, मानेखाली बोट दाबलं.

पुडीत स्टेरॉईड असणार, ते म्हणाले. डॉक्टरांच्या देखरेखीत मोजून दिलं तर ते औषध आहे, पण असं अंदाजानं, वर्षानुवर्षं घेतलं की हाडं पोकळ करतं. दोन्ही खुब्यांतल्या हाडाच्या गोळ्यांना रक्त मिळणं बंद होऊन ते चपटे झाले होते. ज्याला आम्ही तब्येत म्हणत होतो ती सूज होती. मी ज्या सुजेसाठी माया सोडत होते, ती आतून आक्काला खात होती. तिथेच मला रडू फुटलं.

पुडी एकदम बंद करायची नाही, त्यानं जीव जाऊ शकतो, हे त्यांनी परत परत सांगितलं. डोस हळूहळू उतरवायचा, संधिवाताच्या खऱ्या गोळ्या घ्यायच्या, दूध-अंडी खायची, मिश्री सोडायची. ताकद आली की कृत्रिम खुबा बसवायचा. नंतर उकिडवं बसायचं नाही. आक्कानं सगळं ऐकून एकच विचारलं, "मंग राजूर व्हईल का मला?" काठी घेऊन, सावकाश, होईल म्हणाले.

त्या राजूरवर ती जगली. मिश्री सोडली. दूध घरात ठेवलं. पण पुडी उतरली तसा चेहराही उतरला, आणि बघायला येणाऱ्या बायका हळहळायच्या, चांगली पुडी होती, कशाला बंद केली. मी एकदोघींना दारातच झाडलं. आक्का मला म्हणाली, "त्या पुडीनं हाड खाल्लं, कबूल हाय. पर राजूरला बी तिनंच नेल्तं गं मला."

आपरेशनच्या आधी तिनं झंपर बारीक करायला दिलं. राजूरला घालायचं म्हणून हुकच ठेवायला सांगितले. आत दुमडलेलं कापड आता फारच झालं होतं. मी कात्री उचलली.

"माया कापू नको," ती खाटेवरून म्हणाली. "पुन्ना अंग धरलं मंग?"

मी कापली नाही. आत घालून टीप मारली.

खुबा बसवायचा राहूनच गेला. थंडीत तिला खोकला झाला, ताप छातीत उतरला आणि अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. दवाखान्यातून आम्ही तिला घरी आणलं ते शेवटचं.

काही दिवसांनी तिची लेक माझ्याकडे आली. आईचं ते झंपर पिशवीत होतं. ती अंगानं भरलेली, आईचं तिला येणं शक्यच नव्हतं. मी टीप उसवली, आतली सगळी माया सोडली आणि इस्त्री फिरवून तिच्या हातात दिलं. ती भिंतीकडे तोंड करून हुक लावायला लागली. झंपर कुठे ओढतंय का ते मी पाहायला हवं होतं. मी तिच्या बोटांकडेच पाहत होते.

एकेक हुक लागत गेला, कुठेही न अडता.

"मावशी, बराबर बसलं," ती वळून म्हणाली.

तिचे हात हातात घेऊन मी तिथेच बसले.