देवळीतला नारळ

समोरच्या खोलीतली गुरम्मा मैंदर्गीची. नवरा चन्नप्पा अक्कलकोट रोडला पॉवरलूमवर. मालकानं तिथं आवाज चढवला की त्याची भरपाई घरी गुरम्माकडून. चाळीतले आम्ही सगळे ऐकायचो आणि दार लोटून घ्यायचो. मीसुद्धा. त्याची लाज मला आजही वाटते.

सत्त्याहत्तर साली गुरम्माला सातवा महिना होता, तेव्हा त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. रुद्राणी झाली ती दिसायला धडधाकट, पण गुरम्माच्या डोक्यातून ती लाथ जाईना. पोर उताणी पडून पाय झाडायला लागली की ही मागासाठी कांड्यांवर सूत भरायचं सोडून बघत बसायची, डावा पाय उजव्याइतका उचलतोय का म्हणून. तिसऱ्या महिन्यात मान धरली. पाचव्यात पालथी पडली, तेव्हा मला कणकेच्या हातानं ओढत नेलं बघायला. बसायला मात्र आठवा उजाडला, आणि दहावा सरला तरी रांगण्याचं नाव नाही. पोटावर हातभर सरकायची, तेही डावा पाय मागं ओढत.

चन्नप्पा म्हणायचा, पांगळी काढलीस, आता दुसरी बायको करतो. ज्या पायानं लाथ घातली त्याच पायात चप्पल सरकवत म्हणायचा. त्याचंच तंगडं मोडावं असं मला वाटायचं.

पोरानं पहिल्यांदा उंबरा ओलांडला की नारळ फोडून घरोघर खोबरं वाटायचं, ही आमच्याकडची रीत. गुरम्मानं संक्रांतीपासूनच भिंतीतल्या देवळीत नारळ आणून ठेवला होता.

"अक्का, रांगंल की ती?" रोज विचारायची. मी व्हय म्हणायची. मला काय कळत होतं, कपाळ!

शिमगा झाल्यावरची गोष्ट. पहिली पाळी सुटून चन्नप्पा दुपारी घरी आला, तर भाकरी थापलेली नव्हती. गुरम्मा पोरीच्या पायाला तेल चोळत बसलेली. त्यानं केस धरून तिला भिंतीवर आपटलं. ओठ फुटला. मग तांब्या भिरकावला, तो पोरीच्या बाजूला खणकन आदळला. मी माझ्या दारात उभी राहून बघत होते.

रुद्राणी दचकली. रडलीसुद्धा नाही. दोन्ही तळवे टेकले, ढुंगण उचललं आणि गुडघ्यांवर आली. उजवा गुडघा पुढं, मग डावा. डावाही! बापाकडं पाठ करून ती भराभरा दाराशी आली, उंबऱ्यावर पोट टेकून अलीकडं घसरली आणि थेट माझ्या पायाशी. मी तिला उचललं.

गुरम्मानं त्याच्या मुठीखालून हे सगळं बघितलं होतं. "रांगली," ती म्हणाली.

त्यानं वळूनही बघितलं नाही. लाथ मारायला पाय उचलला. तिचा हात देवळीत गेला आणि नारळ त्याच्या कपाळावर बसला. तो भिंतीला टेकून खाली बसला, तोंडभर रक्त.

नारळाला नुसता तडा गेला होता. गुरम्मानं उंबऱ्याच्या दगडावर तो पुरता फोडला, पोरीला माझ्याकडून काखेत घेतलं आणि फुटक्या ओठानं चाळीभर खोबरं वाटलं. माझ्या तुकड्याला रक्त लागलं होतं. मी पुसून खाल्लं.

चन्नप्पाला पाच टाके पडले. मागावरचा धोटा उडून लागला, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या सोमवारी गुरम्मानं देवळीत नवा नारळ ठेवला. पोर तर रांगली, मग हा कशाला, असं चन्नप्पानं जरा लांबूनच विचारलं.

"अजून चालायची हाय की," ती म्हणाली.